नकाशात बर्फ नव्हता

अलास्कातल्या बेथेलच्या विमानतळावर काउंटरपलीकडच्या मुलीनं मला चारचौघांत वजन विचारलं. सामानाचं नव्हे, माझं. मी जरा हळू आवाजात सांगितलं, तर ती म्हणाली, "कपडे-बूट धरून?" आणि उत्तराची वाट न बघता तिनं मला सामानाच्या काट्यावरच उभं केलं. मागे माझी सहकारी रिया तोंड दाबून हसत होती. सहा जणांचं विमान; पुढं कोण, मागं कोण हे वजनावर ठरतं. मला पुढं, पायलटच्या शेजारी बसवलं. यावरून काय ते समजा.

मी मूळची नागपूरची, इंदोऱ्याची. गेली अठरा वर्षं शिकागोजवळ शॉमबर्गला राहते. सार्वजनिक इमारतींचे आराखडे करणाऱ्या एका लहानशा कंपनीत सिव्हिल इंजिनिअर आहे. अलास्काच्या पश्चिम टोकाला, कुस्कोक्विम नदीच्या मुखाकडे युपिक या तिथल्या मूळ रहिवासी लोकांचं एक गाव आहे. तिथं जायला रस्ता नाही. उन्हाळ्यात होडी, हिवाळ्यात गोठलेली नदी आणि एरवी हे विमान. त्या गावाचं नाव इथं लिहीत नाही आणि माणसांची नावंही बदलली आहेत. त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी तेच बरं म्हटलं.

या गावात घरोघरी नळ नाहीत. त्यामुळे गावाच्या मधोमध एक सार्वजनिक जागा असते, तिला वॉशेटेरिया म्हणतात. कपडे धुवायची यंत्रं, अंघोळीच्या खोल्या आणि पिण्याचं पाणी भरून न्यायचा नळ, असं सगळं एका छपराखाली. इथली जुनी वॉशेटेरिया नदीकाठी आहे आणि नदी दर वर्षी काठ खात खात तिच्याकडे सरकते आहे. नवी कुठं बांधायची आणि ती कशी असावी, हे गावाच्या कौन्सिलनं ठरवायचं होतं. कौन्सिल म्हणजे त्यांची सात जणांची पंचायतच. आराखडा आमचा होता. त्यावर कौन्सिलचा ठराव घेऊन यायचा, एवढंच माझं काम.

"एवढंच" हा आमच्या साहेबांचा, डगचा शब्द. पण त्यात एक गाठ होती. बांधकामाचं सामान गावात फक्त मालवाहू तराफ्यानं येतं, आणि तोही नदी मोकळी असेल तेव्हाच. पुढच्या उन्हाळ्याचा तराफा गाठायचा, तर नकाशे या महिन्याअखेर पक्के व्हायला हवे होते. ते चुकलं, तर गावाचं काम आणखी एक वर्ष लांबणीवर. आणि नदीला थांब म्हणून सांगता येत नाही.

पोहोचलो

खाली बघितलं तर जमीन आणि पाणी यांचं भांडण मिटलेलंच नाही. जिकडेतिकडे तळी, मध्ये वळसे घेणारी नदी, आणि उरलेल्या जागेवर लालभडक गवत. झाड एकही नाही. सप्टेंबरचा दुसरा आठवडा होता. विमान खडीच्या धावपट्टीवर उतरलं आणि दार उघडताच वारा असा आत आला, की माझी टोपी थेट शेपटाकडे गेली.

न्यायला ॲग्नेस आली होती. कौन्सिलचा सगळा कारभार बघणारी, चाळिशीची, गोल चेहऱ्याची बाई. अंगात फुलाफुलांच्या कापडाचा टोपीवाला झगा, पुढे मोठा खिसा. तिच्या चारचाकी फटफटीला मागे एक लाकडी गाडा जोडला होता. त्यात आमच्या पिशव्या, रियाचं जमिनीत भोक पाडायचं हातयंत्र आणि आम्ही दोघी बसलो. गावात रस्ते नाहीत, फळ्यांच्या वाटा आहेत. खालची जमीन दलदलीची, म्हणून घरंही खांबांवर.

रियाबद्दल सांगते. रिया अमेरिकेतच, पार्सिपनीत जन्मलेली, आईवडील साताऱ्याचे. वय बत्तीस. माती आणि गोठलेली जमीन हा तिचा विषय, आणि त्यात ती माझ्याहून कितीतरी हुशार. मराठी समजतं सगळं, बोलताना लिंग मात्र कुठलंही लागतं. गाड्यातून उतरताना तिचा एक पाय चिखलात गेला आणि वर आला तो नुसता मोजा.

"सुजाताताई, माझी बूट गेली!"

ॲग्नेसनं कोपरापर्यंत हात घालून तो बूट वर काढला आणि झटकून तिच्या हातात दिला. असे बूट काढायची तिला सवय असावी.

आमचा मुक्काम शाळेच्या लायब्ररीत, जमिनीवर. गावात हॉटेल नाही. पाहुणे शाळेत झोपतात आणि आपली गादी, आपलं खाणं आपण आणतात. शाळेला स्वतःचं पाणी आहे. बाकी घरांत संडास म्हणजे झाकणाची बादली. भरली की ती उचलून फळ्यांच्या वाटेवर ठेवलेल्या मोठ्या पेटीत रिकामी करायची. वाटेत मला एक माणूस अशी बादली नेताना दिसला. ॲग्नेस सहज म्हणाली, "आमचे अध्यक्ष. मोझेस." त्यानं मोकळा हात वर करून आम्हाला नमस्कार केला.

मी लहान होते तेव्हा इंदोऱ्यात अजून टोपलीचे संडास होते आणि मैला न्यायला एक काकू यायच्या. त्यांचं नाव आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. इथं गावचा अध्यक्ष स्वतःच्या घरची बादली स्वतः घेऊन चालला होता आणि कुणाला त्यात काही वाटत नव्हतं. मी कितीतरी वेळ वळून वळून त्याच्याकडे बघत राहिले.

पहिली बैठक

संध्याकाळी कौन्सिलच्या खोलीत ओळखीची बैठक झाली. ठराव दोन दिवसांनी. आज फक्त नकाशा दाखवायचा. त्याआधी शाळेत आम्ही पावाला लसणाची चटणी लावून खाल्ली होती, भरपूर. थंडीत बरी लागते.

मी भिंतीवर नकाशा लावला. नवी वॉशेटेरिया शाळेच्या मागे, दक्षिणेच्या बाजूला. शाळेच्या पाण्याच्या पाइपपासून जवळ, उन्हाकडे तोंड, गावाच्या मध्यावर. मी पंधरा मिनिटं बोलले. सातही जण ऐकत होते. मग मी विचारलं, "ही जागा तुम्हाला बरोबर वाटते का?"

कुणी बोलेना. मोझेसनं माझ्याकडे बघितलं आणि नाक मुरडलं. अगदी थोडं, दुर्गंध आल्यावर मुरडतो तसं. शेजारच्या बाईनंही मुरडलं. मग तिसऱ्यानं, मग एकेक करून सगळ्यांनी.

लसूण! चटणी! मी दोन पावलं मागं सरकले, तोंडावर हात घेऊन उरलेलं घाईघाईत सांगितलं, आणि "काही शंका?" असं विचारून, अर्धा मिनिट थांबून, नकाशा गुंडाळला. शाळेत येऊन तीनदा दात घासले.

"रिया, खरं सांग, इतका वास येतो?"

"आय मीन, येतो," ती म्हणाली. "पण मला आवडतो."

मूस

दुसऱ्या दिवशी ॲग्नेसनं सांगितलं, उद्याची ठरावाची बैठक एक दिवस पुढं गेली. कौन्सिलमधल्या दोघांना मूस मिळाला होता. मूस म्हणजे घोड्याएवढं सांबर म्हणा. एक मिळाला, की अर्धं गाव कापायला आणि वाटायला बसतं, बैठका थांबतात. मला पहिल्यांदा चिडचिड झाली. शुक्रवारचं आमचं परतीचं विमान ठरलेलं, हवा कधी फिरेल सांगता येत नाही. पण त्या मूसनंच आम्हाला तारलं, हे मी आता सांगू शकते.

रिया सकाळपासून शाळेच्या मागे जमिनीत भोकं पाडत होती. दुपारी ती चिखलानं माखलेली आली.

"काहीतरी विअर्ड आहे. या गावात बाकी सगळीकडे थोडं खाली गेलं की गोठलेली जमीन लागते. तुमच्या साइटवर माझं यंत्र खालीच जातंय, खालीच जातंय. तिथली जमीन उबदार आहे. का, ते मला कळत नाहीये."

मी ॲग्नेसकडे गेले. तिच्या स्वयंपाकघरात मूसचं सूप उकळत होतं. तिनं वाडगं भरून दिलं. जाडसर मांस, बटाटे, भात, वर मीठ-मिरी. आमच्याकडे पायाचा रस्सा करतात त्याची आठवण आली, फक्त तिखट नाही. मी पिशवीतून चटणीची डबी काढली आणि संकोचत विचारलं, "हिचा वास तुम्हाला सहन होत नाही ना? काल बैठकीत..."

"कुठला वास?"

"मोझेसनं नाक मुरडलं. सगळ्यांनी मुरडलं."

ॲग्नेसनं चमचा खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. मग ती हसायला लागली, ती थांबेचना. डोळे पुसत म्हणाली, "आम्ही नाही म्हणतो ना, ते असं." तिनं नाक मुरडून दाखवलं. "आणि हो म्हणतो ते असं." तिनं दोन्ही भुवया वर केल्या. "तुला कुणी सांगितलं नाही?"

मला हसू येईना. मी डोक्यात ती खोली पुन्हा उभी केली. मी विचारलं होतं, जागा बरोबर वाटते का. एक, दोन, तीन, सगळी नाकं. सात जणांनी माझ्या तोंडावर मला नाही सांगितलं होतं आणि मी दात घासायला गेले होते.

आणि हे माझ्याबाबतीत व्हावं! शॉमबर्गच्या ऑफिसात पहिली दोन वर्षं मी आपली मान डोलवून हो म्हणायची आणि लोकांना वाटायचं, ही नाही म्हणते आहे. तेव्हा मला त्यांचा किती राग यायचा!

"मग कुणी तोंडानं का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"सांगितलं की," ॲग्नेस म्हणाली. "पाहुण्याला चारचौघांत याहून मोठ्यानं नाही म्हणत नाहीत आमच्याकडे. आणि तू विचारलंस, पण थांबली नाहीस. तुझ्याआधीही एक इंजिनिअर आले होते. तेही थांबले नाहीत."

"पण नाही का? जागेत काय चूक आहे?"

"ते मी सांगण्यापेक्षा मावशीला विचार. उद्या ती बोरं वेचायला जाणार आहे. तूही जा. बादली घेऊन जा, मोकळ्या हातानं नको."

एलेना

ॲग्नेसची मावशी एलेना पंच्याहत्तरीची असेल; पहिल्या बैठकीत मागे बसून तिनं नकाशा बघितला होता. ठेंगणी, पाठीत वाकलेली, पण चालायला लागली की आम्ही दोघी मागं. गवत कसलं ते, भिजलेल्या गादीवर चालल्यासारखं पाऊल आत जातं. त्यात काळी आणि लाल बोरं, करवंदापेक्षा बारीक. एलेना दोन्ही हातांनी भराभर ओरबाडत होती; माझ्या बादलीचा तळ झाकायला तासभर लागला. तिला इंग्रजी कळायचं, बोलायची मात्र युपिकमध्ये. सोबत आलेली ॲग्नेस आम्हाला ते इंग्रजीत सांगत होती.

मी या वेळी घाई केली नाही. वेचत राहिले. बऱ्याच वेळानं एलेनानं पाठ सरळ केली, शाळेकडे बोट केलं आणि बोलली. ॲग्नेस म्हणाली, "मावशी म्हणते, तिकडून वारा येतो. सगळा हिवाळा." उत्तर दिशा. "वारा शाळेवर आपटतो आणि बर्फ शाळेच्या मागे टाकतो. तुझ्या नकाशातलं घर जिथं आहे, तिथं."

"किती?"

एलेनानं हात डोक्याच्या वर नेला. मग नाराजीनं मान हलवली, वाकून बादली उचलली आणि ती डोक्यावर धरली. बादलीच्याही वर.

"छपरापर्यंत," ॲग्नेस म्हणाली. "शाळेचं मागचं दार हिवाळ्यात उघडतच नाही. मावशी म्हणते, म्हाताऱ्या बायकांनी कपड्यांची टोपली घेऊन बर्फात बोगदा खणायचा का?"

माझ्या शेजारी रिया एकदम ताठ झाली. "ओ माय गॉड. गोधडी!"

"काय?"

"बर्फ! सुजाताताई, तो ढीग सगळा हिवाळा त्या जमिनीवर बसतो, ब्लँकेटसारखा. खालच्या जमिनीला थंडी लागतच नाही. म्हणून ती गोठत नाही. तुम्ही तिथं खांब रोवले असते, तर दोन-चार वर्षांत बिल्डिंग एका बाजूला बसली असती." ती एलेनाकडे वळली आणि इंग्रजीत म्हणाली, "मी काल दिवसभर खणत होते, आणि तुम्हाला हे माहीतच होतं."

एलेनानं भुवया वर केल्या.

"पण नकाशा बघितल्यावर तेव्हाच—" मी म्हणायला लागले. एलेना मध्येच काहीतरी म्हणाली आणि पुन्हा बोरांकडे वाकली.

"मावशी म्हणते," ॲग्नेस म्हणाली, "नकाशात बर्फ नव्हता. तिला वाटलं, तुम्ही दुसऱ्या कुठल्या तरी गावाचा आणलाय."

आमची मोजणी जुलैमध्ये झाली होती. स्वच्छ ऊन, हिरवं गवत. ती बघून मी शॉमबर्गमधल्या टेबलावर इमारत ठेवली होती. मला लाज वाटली. पण खरं सांगते, त्याहून जास्त हायसं वाटलं. अजून काही बांधलं नव्हतं. अजून सगळं कागदावर होतं.

"मग कुठं बांधू?" मी विचारलं. आणि गप्प बसले. रियानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी तिचा हात दाबला. एलेनानं मूठभर बोरं वेचली, निवडली, पानं फुंकून उडवली. मग टपालघरापलीकडच्या एका लांबट उंचवट्याकडे हनुवटी केली. तिथं वारा झाडू मारतो, बर्फ टिकत नाही. लहानपणी ती आणि तिच्या बहिणी तिथूनच खालच्या बर्फावर घसरगाड्या सोडायच्या. आणि अजून एक, खिडकी नदीकडे ठेव. कपडे धुऊन होईपर्यंत बायका बसतात, शिवतात. कोण होडीतून आलं ते दिसायला हवं. तुझी बसायच्या जागेची खिडकी तर शाळेच्या भिंतीकडे बघते.

फोन

दुपारभर रियानं उंचवट्यावर खणलं. मी, ॲग्नेस आणि मोझेसची सून तिला आळीपाळीनं हात देत होतो. चौथ्या भोकाला ती ओरडली, "आईस! मस्त, घट्ट आईस!" आणि मला मिठी मारली, माझा कोट तेव्हापासून कायमचा करडा झाला आहे.

मग मी कौन्सिलच्या ऑफिसातून डगला फोन केला.

"जागा बदलायची?" तो म्हणाला. "सुजाता, पाइप लांबणार. सगळे नकाशे पुन्हा. महिन्याअखेर जमणार आहे का? बर्फ अडवायला एखादं कुंपण घालू आणि आहे तेच पुढं रेटू."

पूर्वी मी अशा वेळी "बघते" म्हणायची. त्या दिवशी म्हटलं, "डग, सात जणांनी मला नाही म्हटलं आहे. ते मला समजलं नाही, ही माझी चूक. पण आता समजलंय. जुन्या जागेवर माझी सही होणार नाही. नव्या जागेचे नकाशे महिन्याअखेर तुझ्या टेबलावर असतील, ते मी बघते."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "रियाचं काय म्हणणं?"

रियानं फोन हिसकावून घेतला आणि पाच मिनिटं त्याला गोठलेल्या जमिनीवर व्याख्यान दिलं. परत देताना म्हणाली, "डग सेज ओके. पण वीकेंडला काम करावं लागणार, यार."

ठराव

गुरुवारी ॲग्नेसनं वायरलेसवरून गावभर सांगितलं, बैठक आहे. प्रत्येक घरात तो रेडिओ चालू असतो. कौन्सिलचे सात जण आले, शिवाय तीसेक गावकरी, लहान पोरं, आणि मागे खुर्चीत एलेना. चहाचं मोठं भांडं आणि जाड कडक बिस्किटं मध्ये ठेवलेली.

आमच्याकडची ग्रामसभा मी पाहिलेली आहे. कोण बोलतंय ते कळत नाही, पण सगळे बोलत असतात. इथं टाचणी पडली तर ऐकू आली असती. 

मी जुना नकाशा लावला आणि सगळ्यांसमोर काढून टाकला. म्हटलं, "सोमवारी तुम्ही मला नाही म्हणालात. मला ते कळलं नाही. मला वाटलं, माझ्या तोंडाला लसणाचा वास येतोय. मी शाळेत जाऊन तीनदा दात घासले."

ॲग्नेसनं ते युपिकमध्ये सांगितलं. तेवढ्यात मागून एलेनाचा आवाज आला, बारीक, खुदखुदणारा. आणि सगळी खोली हसली. मोझेस तर टेबलावर डोकं ठेवून हसत होता.

मग मी नवा कागद लावला. रात्री पेन्सिलनं काढलेला, साधाच. उंचवट्यावर इमारत, दार वाऱ्याच्या कडेला, बायकांच्या बसण्याची खोली, खिडकी नदीकडे. हिवाळ्यात काय असतं ते एलेनाकडून समजून घेऊन मी त्यावर बर्फाचे ढीगही काढले होते. "ही जागा बरोबर वाटते का?" मी विचारलं, आणि खाली बसले.

शांतता. एक मिनिट. दोन. कोणी चहा ओतून घेतला. माझ्या जिभेवर दहा वाक्यं जमली: पाइप कसा नेणार, महिन्याअखेरचं काय, अजून कुठली जागा सुचवता का. टेबलाखाली रियानं माझ्या पायावर पाय ठेवला आणि तो तसाच ठेवला.

शेवटी मोझेस बोलला, इंग्रजीतच, माझ्यासाठी. त्याच्या वडिलांचं घर शाळेच्या मागे होतं. शाळा नंतर झाली. शाळा झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात घर बर्फाखाली गेलं, छपराच्या झरोक्यातून माणसं बाहेर काढली. वडिलांनी शाळा बांधणाऱ्यांना ती जागा आधीच नको म्हणून सांगितलं होतं. "ते नकाशे घेऊन आले होते," तो म्हणाला. "वडिलांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी नाक मुरडलं."

त्यानं माझ्या पेन्सिलच्या कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि दोन्ही भुवया वर गेल्या. शेजारच्या बाईच्या गेल्या. एकेक करून सातही जणांच्या. मागे वळून बघितलं, तर पोरांच्यासुद्धा भुवया वर होत्या. इतकं मोठं "हो" मी कुठल्याही सभेत ऐकलेलं नाही.

ॲग्नेसनं ठराव टाइप केला, मोझेसनं सही केली. मी उठायच्या भानगडीतच पडले नाही. बसल्या जागी तीन बिस्किटं खाल्ली.

वाफ

बैठक उठल्यावर एलेनानं माझा दंड धरला आणि काहीतरी म्हणाली.

"मावशी म्हणते, अंघोळीला चल," ॲग्नेस म्हणाली. "दोघीही."

त्यांच्या घरांमागे एक बुटकी लाकडी खोली असते. आत तेलाच्या पिंपाची चूल, वर दगड. दगड तापले की त्यावर पाणी मारायचं, वाफ होते. आधी पुरुष, मग बायका. सगळ्या जणी बिनकपड्यांच्या. मी टॉवेल गुंडाळून दारात घुटमळत होते. रिया, जी अमेरिकेत जन्मली, ती माझ्याहून जास्त घुटमळत होती. ॲग्नेस म्हणाली, "वारा आत येतोय," आणि आम्हाला आत ओढून दार लावलं.

एलेनानं पाणी मारलं. अशी वाफ उठली, की कान पोळले. मी दाराजवळ खाली वाकून श्वास घेतला. त्या खोलीत चारच जणी, खांद्याला खांदा लागून. चार दिवसांचा चिखल, धाकधूक, डगचा फोन, सगळं अंगातून पाझरून फळ्यांच्या फटीत जात होतं. रिया डोळे मिटून म्हणाली, "आय ॲम नेव्हर लीव्हिंग." कुणी हसलं, कोण ते दिसलं नाही.

मग एलेनानं कोपऱ्यातल्या पिंपात ओगराळं बुडवलं, मला वळायला सांगितलं आणि माझ्या पाठीवर कोमट पाणी ओतलं. तिचा खरखरीत हात पाठीवरून फिरला. तिनं तेच ओगराळं माझ्या हातात दिलं. मी त्याच पिंपात बुडवून तिच्या पाठीवर ओतलं.

आणि मला रडू आलं. वाफेत ते कुणाला दिसण्यासारखं नव्हतं.

शुक्रवारचं विमान धुक्यामुळे आलंच नाही, शनिवारी आलं. एलेनानं बोरं, साखर आणि चरबी फेटून केलेला गोड पदार्थ डबाभर दिला होता, तो शॉमबर्गपर्यंत टिकला नाही. नकाशे महिन्याअखेरीच्या एक दिवस आधी गेले. तराफ्यावर आमच्या खांबांची जागा ठरली आहे.

परत आल्यावर रविवारी आईला नागपूरला फोन केला. आई ऐंशीची आहे. तिचं लहानपण भंडाऱ्याकडच्या एका खेड्यात गेलं. तिथं विहिरीवर तिला कळशी खाली ठेवून लांब उभं राहावं लागायचं. कुणाला दया आली तर वरून पाणी घालायचे. ती हे फार बोलत नाही. मी तिला सगळं सांगितलं: विमानाचा काटा, नाकं, भुवया, बर्फ. ती हूं हूं करत ऐकत होती. वाफेच्या खोलीपाशी आले तेव्हा तिनं मला थांबवलं.

"तुह्या आंगावर पानी कोनं टाकलं वं?"

"तिथल्या एका म्हाताऱ्या मावशीनं. पाठ चोळली माझी. मग मी तिची चोळली, त्याच ओगराळ्यानं."

आई बराच वेळ काही बोलली नाही. मी या वेळी थांबले.

"गरम होतं ना पानी?" तिनं विचारलं.

"हो आई. चांगलं गरम होतं."

"मंग बरं झालं, बाई," आई म्हणाली. "लई बरं झालं."